गुऱ्हाळावरचं बजेट

म्हादू,

परवा दिल्लीचं बजेट झालं आणि गुऱ्हाळावर तुझी खुर्ची रिकामी राहिली. खुर्ची म्हणजे काय, पालथा घातलेला पत्र्याचा डबा. आमदार झालास तरी आम्ही तुला दुसरं काही दिलं नाही आणि तूही मागितलं नाहीस. विलासनं, माझ्या पुतण्यानं, तो डबा सकाळीच पुसून धूर येणार नाही अशा बाजूला मांडला. कोण बसणार म्हणून विचारलं, तर म्हणाला, "ठिवलाय आपला." मग त्याच्यावर कुणीच बसलं नाही. उसाची मोळी टाकायला आलेला गडीसुद्धा वळसा घालून गेला.

तू गेल्यावर पेपरात तुझ्याबद्दल लय छापून आलं. किती वेळा निवडून आलास, किती बंधारे बांधलेस, कुठल्या समितीवर होतास. खरं असेल सगळं. पण त्या लोकांनी तुला भाषण करताना बघितलंय. मी तुला भाषण खोडताना बघितलंय. ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, म्हणून लिहायला बसलोय. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं लिहिणं आहे, त्यात तू चुका काढशील. काढ.

आधी बजेट फेब्रुवारीच्या शेवटी यायचं, मग ते पहिल्या तारखेवर आलं. आपल्याला काय, गुऱ्हाळ दोन्ही वेळेला चालूच असतं. अकरा वाजता भाषण सुरू व्हायचं तेव्हा दुसरं आधण, म्हणजे दुसऱ्या खेपेचा रस, काहिलीत पडलेलं असायचं. तू मांडीवर वही घेऊन रेडिओला कान लावायचास, पुढं पुढं मोबाइलला. भाषण संपलं की पेपरवाल्यांचे फोन यायला लागायचे. तू उचलायचा नाहीस. "आधी राम्याला सांगतो, मग जगाला," म्हणायचास. वहीत लिहिलेलं तू मला वाचून दाखवायचास आणि मी झारा घेऊन रसावरची मळी काढत ऐकायचो. रस तापून त्यात भेंडीचं पाणी पडलं की सगळी घाण फेस होऊन वर येते, ती मळी. ती वेळेत काढली नाही तर गूळ काळा पडतो. तुझ्या वाचण्यात मला न कळणारा शब्द आला की मी हातातलं काम न थांबवता म्हणायचो, "मळी." आणि तू तो शब्द खोडायचास. मुकाट्यानं कधीच नाही.

"वित्तीय तूट," तू एकदा वाचलंस.

"मळी."

"अरं, ह्यो शब्द काढून कसं चालंल? अख्ख्या बजेटाचा कणा हाय त्यो."

"म्हंजे काय, ते सांग."

"येतंय त्यापेक्षा जास्त जातंय."

"मग तसं म्हण की. आमच्या घरातबी तेच चाललंय, लगीच कळंल."

"आणि सर्वसमावेशक विकास?"

"मळी."

"सगळ्यांस्नी धरून म्होरं जायचं, असा अर्थ हाय त्याचा."

"मग सगळ्यांस्नी धरून म्हण."

"असं खोडत बसलो तर भाषण अर्ध्या पानाचं हुईल, राम्या."

"होऊ दे. लोकांस्नी घरी जाऊन जेवायचं असतंय."

तू चिडून काकवीची वाटी तोंडाला लावायचास आणि तोंड भाजून घ्यायचास. दरवर्षी भाजायचास. इतक्या वर्षांत तुला एवढं शिकवता आलं नाही मला.

मार्च महिन्यात मुंबईच्या सभागृहात तू बोलायला उभा राहिलास की लोक म्हणायचे, साहेबांचं भाषण सोपं असतं, घरातल्या माणसागत बोलतात. मी ऐकून घ्यायचो. माझी मळी माझ्यापाशी.

आता एक गोष्ट कबूल करतो. तू समोर असतास तर केली नसती. फुकटच्या भावातल्या रेशनावरून आपण दोन हंगाम भांडलो. मी म्हणायचो, असल्या दाण्यानं माणूस आळशी होतो, भांगलायला बाया मिळत नाहीत. तू वही मिटून म्हणालास, "तुला भांगलायला बाई मिळावी म्हणून तिनं उपाशी राहायचं व्हय रं?" मी म्हटलं, "तुझं भाषण तू सभागृहात कर." पण पुढं रोगाची साथ आली, रस्ते बंद झाले. ऊसतोडीची तीन कुटुंबं गुऱ्हाळाच्या मागं खोपीत अडकली. त्यांना जगवलं त्याच रेशनानं. बाया रेशनचा तांदूळ घेऊन आल्या आणि त्यातला वाटीभर माझ्या भावजयीला देऊन गेल्या, तिच्याकडचा संपला होता म्हणून. तो भात मी जेवलो. तुला फोन करून सांगावं असं मनात आलं होतं. नाही केला. आता सांगतो. तुझं बरोबर होतं.

पेन्शनीचं मात्र मी शेवटपर्यंत सोडलं नाही.

म्हाताऱ्या माणसाला सरकार महिन्याला जे काही देतं, ते मी घ्यावं असं तुझं म्हणणं. तू दरसाल बजेट ऐकून म्हणायचास, "ह्या खेपेलाबी दिल्लीनं म्हाताऱ्यांचा आकडा हलवला न्हाई," आणि मग माझ्याकडं बघायचास. मी म्हणायचो, आकडा हलो नाहीतर न हलो, मी घेणार नाही. कारण तुला माहीत होतं. ज्यांना मिळतं त्यांची यादी चावडीच्या भिंतीवर लागते आणि वर लिहिलेलं असतं, निराधार. माझी बायको गेली, पोरगी कऱ्हाडला दिली, जमीन दीड पांड, म्हणजे नावालाच. पण मी निराधार नाही. माझा बाप गुळव्या होता, मी गुळव्या. नुसत्या वासावरून सांगतो, आधणाला किती वेळ आहे ते. माझं नाव त्या भिंतीवर लागलं असतं तर बाप वरून थुंकला असता.

मला वळवायला तू एकदा सातारला घेऊन गेलास. माजी सैनिकांचा मेळावा होता. ताठ बसलेली म्हातारी माणसं, छातीवर पदकं. तू भाषणात पेन्शनीवर बोललास आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. येताना जीपमध्ये मला म्हणालास, "बघितलंस? त्यातलं कोण खाली मान घालून बसलं हुतं का?"

"त्यांनी गोळ्या खाल्ल्यात."

"सगळ्यांनी न्हाई. कुणी भाकरी भाजल्या, कुणी गाड्या चालवल्या. पन कामावर उभी हुती. तू चाळीस वर्सं आगीम्होरं उभा हायस. तुझे हात बघ."

मी हात खिशात घातले. कोपरापर्यंत पांढरे डाग आहेत, उकळत्या रसाचे. म्हटलं, "मला सरकारनं उभा केला नव्हता."

"मग गूळ काय तू एकट्यानं खाल्लास?"

वाटेत तू जीप थांबवून वडापाव घेतलास. भांडण तिथं थांबलं, मिटलं नाही.

ते मिटलं नाही म्हणूनच पुढच्या हंगामात माझ्या हातून ती चूक झाली. गुळव्याची चूक गाव लग्नकार्यात सुद्धा काढतं, त्यामुळं सगळ्यांना ठाऊक आहे, पण कशी झाली ते दोघांनाच ठाऊक होतं. बजेटाचा दिवस. रस आटत आलेला, फुगे बारीक झालेले. अशा वेळी गुळव्यानं काठीच्या टोकावर थोडा पाक घेऊन थंड पाण्यात बुडवायचा, त्याची गोळी वळते का बघायची आणि वळली की त्याच घडीला काहील उतरवायला सांगायची. दोन मिनिटं इकडं तिकडं झाली की संपलं. आणि नेमका त्याच वेळी तू परत म्हणालास, "अर्ज कर, राम्या. तो तुझा हक हाय."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मी अर्ज करायचा, दाखले आणायचे, भिंतीवर लागायचं. आणि तुझी पेन्शन? एकदा निवडून आलास की जलमभर चालू. तुमचं मानधन वाढवायचा ठराव आला तवा कुणी अर्ज केला हुता? कुणी भाषण केलं? तू हात वर केलास का न्हाई, तेवढं सांग."

तू वही बघत राहिलास. मग म्हणालास, "केला."

तू खोटं बोलला असतास तर बरं झालं असतं. मी थांबलो असतो. तू कबूल केलंस म्हणून मी आणखी चढलो. काय काय बोललो ते आठवत नाही. जाळ घालणारा गडी "तात्या, आवं तात्या" म्हणून ओरडला तेव्हा वास आला. काहील उतरवली तोवर सगळं आधण करपलं होतं. चाळीस वर्षांतलं पहिलं.

तू उठलास, गार करायच्या वाफ्यातला तो काळा गूळ थंड होईपर्यंत उभा राहिलास आणि त्यातली एक ढेप जीपमध्ये ठेवायला सांगितलीस. मी म्हटलं, "गुरंबी खायची न्हाईत." तू म्हणालास, "खायला न्हाई नेत." मला वाटलं, माझी चूक लोकांना दाखवायला नेतोस. वर्षभर मी तुझ्या दारात आलो नाही.

पुढच्या बजेटाला तू आलास, डब्यावर बसलास, आणि वहीतून घडी घातलेला कागद काढलास. पेन्शनीचा अर्ज. तुझ्या हातानं भरलेला. "सगळं लिवलंय. फकस्त सही राहिली."

मी म्हटलं, "तू मेलास तरी सही करनार न्हाई."

तू हसलास. "मग मला मरायची घाई नको." कागद माझ्या कोपरीच्या खिशात कोंबलास आणि राजकोषीय काहीतरी वाचायला लागलास. मी म्हटलं, "मळी." आपलं परत सुरू झालं. तो कागद मी न उघडता टोपीच्या पेटीत टाकला.

मिरजेला तुला भेटायला आलो तेव्हा तू खाटेवर बसून होतास. नाकात नळी, आणि वैनींना विचारत होतास, बजेटाला किती दिवस राहिले. मला बघून म्हणालास, "कागद उघडलास का?"

"न्हाई."

"वाच तरी."

"चष्मा फुटलाय."

"चष्मा तुझ्या डोळ्यावर हाय, गाढवा."

वैनी तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो. मग तू म्हणालास, "तू मला इचारलं हुतंस न्हवं, हात वर केला का म्हणून. त्याचं उत्तर ऱ्हायलंय. गुऱ्हाळावर देईन. हितं औषधाच्या वासात न्हाई." मी म्हटलं, "दे की, घाई काय हाय." घाई काय हाय, असं मी म्हटलं. आणखी दोन मिनिटं बसलो असतो तर काय बिघडलं असतं, असं पुढं वाटत राहिलं. पण गाडीची वेळ झाली होती आणि तुला झोप येत होती. तू हात वर केलास, जा म्हणून. तो शेवटचा.

तेराव्याला जेवणं झाल्यावर वैनींनी मला आत बोलावलं. तुझ्या कपाटातून एक कापडात बांधलेलं गाठोडं काढलं. "भावजी, हे तुमचंच हाय म्हनं."

उघडलं तर ती करपलेली ढेप.

"येवढी वर्सं?"

"कपाटात हुती. मुंग्याबी लागल्या न्हाईत." मग म्हणाल्या, "काय आलं बोलायला की आधी हिच्याकडं बघायचे. एकदा मी इचारलं, आवं, ह्यो काळा दगड कशाला? तर म्हनले, ज्या दिवशी माझी चूक राम्यानं सांगितली, त्या दिवशी त्याचं आधण गेलं. फुकट जाऊ द्यायचं न्हाई."

मी ढेप घेऊन एसटीनं घरी आलो. मांडीवर ठेवली होती. शेजारच्या बाईनं विचारलं, कसला गूळ एवढा काळा. म्हटलं, "बजेटाचा." ती सरकून बसली.

त्या दुपारी टोपीची पेटी काढली आणि कागद उघडला. अक्षर लावून लावून वाचला. नाव, वय, गाव, सगळं तुझ्या त्या उभ्या अक्षरात. व्यवसाय या ठिकाणी लिहिलंस, गुळव्या. खाली मदतीचं कारण म्हणून मोठा रकाना होता. मला वाटलं होतं तिथं तो भिंतीवरचा शब्द असेल, म्हणून तर मी उघडत नव्हतो. तिथं लिहिलं होतंस: चाळीस वर्षे आगीपुढे उभे राहून या भागाचा गूळ केला. आता फार वेळ उभे राहवत नाही. आणि एकदम तळाला, ओळखणाऱ्याची सही असते तिथं, सहीच्या वर: यांना मी लहानपणापासून ओळखतो. हट्टी आहेत. स्वतः मागणार नाहीत, म्हणून मी लिहिले.

एक शब्दसुद्धा मळी म्हणून काढता येईना. दोनदा वाचलं.

म्हादू, तीन वर्षं तो कागद माझ्या घरात होता. ज्या शब्दाची मला चीड होती तो त्यात नव्हताच. मी न वाचता भांडत होतो आणि तू मला भांडू देत होतास. तुझ्या उत्तरातलं थोडंसं मला तिथं सापडलं असं वाटतं. सगळं नाही. हात वर केल्याचं काय, ते तू सांगायचं राहिलंच.

तालुक्याच्या कचेरीत गेलो. खिडकीत तरणी बाई होती. कागद बघून म्हणाली, "आजोबा, हे साहेबांचं अक्षर ना?"

"व्हय."

तिनं वाचलं, तळाच्या ओळीवर आल्यावर हसली. मग म्हणाली, "पण कारणात असं नाही चालत. निराधार असं लिहावं लागतं. आम्ही संगणकात तेच भरतो."

"मग तुमच्या संगणकाला सांगा, गुळव्या आलाय."

"अहो, एक शब्द बदला, काम होऊन जाईल. मी दुसरा कागद देते, मीच भरून देते."

चांगली पोरगी होती, तिचा काही दोष नाही. पण मी म्हटलं, "ह्या कागदातलं एक अक्षर हलायचं न्हाई. सही मात्र आत्ता करतो, तुमच्यादेखत." आणि केली. तू मेलास तरी करणार नाही म्हटलं होतं, ते शब्द मागं घेतले. सही करायला वेळ लागला. ती थांबली. मग म्हणाली, "सोमवारी मोठे साहेब असतात. त्यांच्यापुढं तुम्हीच सांगा. पण लांबण लावू नका, त्यांना वेळ नसतो."

आता परवाचं सांगतो. विलासनं मोबाइल लावला, आम्ही सगळ्यांनी बजेट ऐकलं. म्हाताऱ्यांच्या पेन्शनीचं नाव माझ्या तरी कानावर आलं नाही. भाषण संपलं. इतकी वर्षं त्यानंतर तू बोलायचास, त्यामुळं पुढं काय करायचं ते कुणालाच कळेना. शेवटी विलास म्हणाला, "तात्या, तुमी काय बोलणार सोमवारी? बोलून दावा की."

मी काहिलीशेजारी उभा राहून सुरू केलं. बापापासून सुरू केलं. मग सातारचे सैनिक, मग तुम्हा आमदारांचं मानधन नि पेन्शन, मग दिल्लीचा न हललेला आकडा.

"मळी," विलास म्हणाला. झारा चालूच होता त्याचा.

"बापाचं काढू व्हय रं?"

"साहेब काय तुमच्या बापाला वळखत न्हाईत. काढा."

बाप काढला. सैनिक काढले. जाळ घालणारा गडी म्हणाला, "आमदारांच्या पेन्शनीचंबी काढा तात्या, मानूस गेलाय." ते मी काढायला तयार नव्हतो. म्हटलं, ते त्यानं स्वतः कबूल केलंय, ते राहू दे. मग लक्षात आलं की ते तुला विचारायचं होतं, त्या साहेबाला नाही. तेही काढलं. तुझं तुझ्यापाशी.

असं करत करत राहिलं ते एवढंच: साहेब, मी मागायला आलो नाही, चाळीस वर्षं काम केलं ते सांगायला आलोय, ह्या कागदावर आहे तसं लिहून घ्या.

"आता बरं झालं," विलास म्हणाला.

मी तुझी बाजू मांडत होतो, म्हादू. आयुष्यभर जिच्याशी भांडलो ती. आणि तोंडात चांगली बसत होती. सोमवारी ऐकलं नाही तर पुढच्या सोमवारी जाईन, एसटी मला फुकट आहे. ती फुकट कशी घेतोस म्हणून तू मला कधी विचारलं नाहीस. विचारायला पाहिजे होतंस, तिथंच जिंकला असतास.

तेच वाक्य आणखी एकदा म्हणून बघत होतो आणि अर्ध्यात थांबलो. वास बदलला होता. काठी घेतली, पाक पाण्यात बुडवला, गोळी वळली.

"उतरवा," म्हटलं.

वेळेवर उतरली. पिवळाधमक गूळ झाला. पहिला खडा तुझ्या डब्यावर ठेवला आहे.